चाचणीची तारीख गावाला ठरवू द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांची प्रगती कधी मोजायची, कशी मोजायची आणि त्या मोजणीचे पुढे काय करायचे, हे आज गावापासून फार लांब ठरते. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या प्रश्नपत्रिका पुण्याहून येतात, वेळापत्रकही तिथूनच येते. प्रथम भाषा, गणित, इंग्रजी. गुरुजी पेपर तपासतात, रेंज मिळेल तिथे उभे राहून गुण ऑनलाइन भरतात आणि विषय संपतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड पट्ट्यातल्या एका शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी पालक म्हणून आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की यातली तारीख आणि निकालाचा वापर, या दोन गोष्टी तरी आमच्या हातात द्या.

तारखेला एवढे महत्त्व का, ते आमच्या भागात आल्याशिवाय कळणार नाही. दसरा-दिवाळी झाली की इथले कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, कारखान्यांकडे निघतात. काही मुले आजी-आजोबांपाशी राहतात, काही हंगामी वसतिगृहात. पण लहान भावंडाला सांभाळायला म्हणून थोरल्या मुलीला बरोबर नेणारी घरे आजही आहेत. पहिल्या सत्राची संकलित चाचणी होते तेव्हा ती मुलगी कोल्हापूर-सांगलीकडे, नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडावर असते. तिच्या नावापुढे ‘गैरहजर’ पडते. साखर कारखान्याचा हंगाम संपल्यावर ती गावी येते आणि दप्तर झटकेपर्यंत दुसरी चाचणी समोर उभी राहते.

अशीच एक पाचवीतली मुलगी आमच्या शाळेत आहे. कागदावर तिचे गणित कच्चे आहे. समितीच्या बैठकीच्या दिवशी वऱ्हांड्यात बसून तिने बापाच्या उचलीचा, म्हणजे तोडणीसाठी मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशांचा, हिशेब तोंडी सांगितला: उचल किती घेतली, किती टन ऊस भरला, टनाला दर काय, मुकादमाचे कमिशन जाऊन किती फिटली आणि किती अंगावर राहिली. बाप शेजारी मान हलवत होता. तोच हिशेब कागदावर मांड म्हटल्यावर ती अडली. म्हणजे तिला गुणाकार-वजाबाकी कळते, मांडणी येत नाही. गुरुजींनी पुढचे काही दिवस नेमके तेवढेच घेतले. ही माहिती गुणांच्या रकान्यातून कोणाला मिळाली असती?

वेळापत्रकाचा हट्ट २०२५ च्या एप्रिलमध्ये सगळ्या राज्याने पाहिला. पहिली ते नववीच्या परीक्षांसाठी ८ ते २५ एप्रिल हे एकच वेळापत्रक आले. परीक्षा लवकर उरकून एप्रिलभर शाळा ओस पडू नयेत, हा त्यामागचा हेतू मला पटतो. पण विदर्भात त्या दिवसांत पारा चाळिशीपार असतो, आमच्याकडे कुटुंबे नुकती परतलेली असतात आणि कोकणात यातले काहीच लागू नसते. भाषेचेही तसेच. मेळघाटात घरी कोरकू बोलणारे किंवा धडगावात पावरी बोलणारे पोर मराठी वाचनात कुठे अडते, हे तिथल्या शिक्षकाला जितके कळेल तितके राज्यभरच्या एका प्रश्नपत्रिकेला कळणार नाही.

कायदा आमच्या बाजूने आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक ठेवले आणि शाळा विकास आराखडा करण्याचे काम त्याच समितीला दिले. मुले कुठे कमी पडतात हे समितीला कोणी सांगितलेच नाही, तर आराखड्यात काय लिहायचे? मग रंगकाम, कंपाउंड आणि पाण्याची टाकी एवढेच येते. डिजिटल वर्गासाठी लोकवर्गणी मागायला सगळे गावात येतात. चाचणीचा निकाल घेऊन कोणी येत नाही.

गावावर सोडले तर सगळ्याच मुलांना ‘अ’ श्रेणी मिळेल, असा आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हा शिक्षकाला बरीच मोकळीक होती. निरीक्षण, तोंडीकाम, प्रकल्प अशी साधने त्याच्या हाती होती. पुढे तयार वर्णनात्मक नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या आणि ‘कविता हावभावासह म्हणतो’ हे वाक्य शाळेशाळेत उतरले. याचा दोष मी एकट्या शिक्षकांना देणार नाही. त्या नोंदी वाचणारेच कोणी नव्हते. वर्षाअखेरी पालक प्रगतिपत्रकावर सही करून मोकळा व्हायचा.

म्हणून राज्याची सामायिक चाचणी वर्षातून एकदा जरूर असावी. जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना त्याशिवाय होणार नाही. बाकीचे मोजमाप आसपासच्या शाळांच्या केंद्रावर सोपवावे. केंद्रातल्या दहा-बारा शाळांचे शिक्षक केंद्राच्या बैठकीला, म्हणजे शिक्षण परिषदेला, एकत्र बसतातच, त्यांनी मिळून प्रश्न काढावेत. आपल्या शाळेची मुले आपणच तपासायची नाहीत, शेजारच्या गावच्या गुरुजींनी किंवा बाईंनी यावे. त्या दिवशी पालकांनी हजर राहावे आणि प्रत्येक मुलाने त्यांच्यासमोर एक उतारा वाचावा, एक उदाहरण सोडवावे. ज्या आईला अक्षर येत नाही, तिलाही आपले लेकरू अडखळते की नाही हे ऐकून कळते. वर्गाचा एकूण निकाल, कोणा मुलाचे नाव न घेता, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचला जावा. फडावरून परतलेल्या मुलांसाठी दुसरी तारीख द्यायचा अधिकार मुख्याध्यापक आणि समितीला असावा. त्यासाठी वर परवानगी मागत बसायला लागू नये.

यातल्या कशालाच नवा निधी लागत नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीने पुढच्या वर्षीचे वेळापत्रक येण्याआधी ऊसतोड पट्ट्यातल्या शाळा व्यवस्थापन समित्यांचे ठराव मागवावेत आणि ते पुण्याला पाठवावेत. आमच्या समितीचा ठराव आम्ही येत्या बैठकीत घेणार आहोत. शेजारच्या गावांतल्या पालकांनीही तो घ्यावा, म्हणून हे पत्र आपण छापावे ही विनंती.

आपला,
शाळा व्यवस्थापन समितीचा एक पालक सदस्य,
जि. बीड