ओटीपी मी कुणाला दिला नाही, आणि तुम्हालाही देणार नाही

मिरज, ९ जून २०२५

प्रति,
प्रधान नोडल अधिकारी,
ग्राहक तक्रार विभाग, मुख्य कार्यालय, मुंबई

विषय : ८ मार्चच्या रात्री खात्यातून गेलेले १,४९,९९७ रुपये, आणि शनिवारी तिसऱ्यांदा ‘क्लोज’ केलेली माझी तक्रार

तक्रार क्रमांक वरती लिहिलेला नाही, कारण तुम्ही आजवर तीन दिलेत आणि दर वेळी फोनवरचा माणूस म्हणतो, “हा नंबर सिस्टिमला दिसत नाही.” तिन्ही वेगळ्या कागदावर जोडलेत. खाते क्रमांकही त्याच कागदावर आहे. तो तुमच्याआधी चोरांना सापडला, ही गोष्ट निराळी.

घडलेलं थोडक्यात सांगते. ८ मार्चला, शनिवारी रात्री ११:४१ ला माझ्या खात्यातून ४९,९९९ रुपये आयएमपीएसने गेले. ११:४४ ला आणखी तेवढेच. ११:५२ ला पुन्हा. तिन्ही वेळा एकाच खात्यात, आणि ते खातं त्याच रात्री ११ नंतर माझ्या खात्याला लाभार्थी म्हणून जोडलेलं. पैसे गेल्याचे तीन एसएमएस मला आले. लाभार्थी जोडताना किंवा पैसे पाठवताना यायला हवा तो ओटीपी एकदाही आला नाही.

तुमच्याच अ‍ॅपमध्ये लिहिलंय की नव्या लाभार्थ्याला पहिल्या २४ तासांत ५०,००० च्या वर पाठवता येत नाही. अकरा मिनिटांत दीड लाख कसे गेले, असं शाखेत विचारलं तर उपव्यवस्थापक म्हणाले, “ती लिमिट पर ट्रान्झॅक्शन आहे, मॅडम.” म्हणजे चोराने पातेलं उचलून नेऊ नये, वाट्यावाट्यांनी रिकामं करावं. बरं.

पहिल्या एसएमएसला मी लगेच उत्तर पाठवलं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटलंय की ग्राहकाला त्या एसएमएसलाच उलट उत्तर देऊन तक्रार करता आली पाहिजे. माझं उत्तर ‘नॉट सेंट’ होऊन परत आलं. ११:४६ ला तुमचा टोल फ्री लावला. मराठीसाठी तीन दाबा. मग मला पर्सनल लोन हवंय का, हे एका गोड आवाजाने विचारलं. ते ऐकत असतानाच तिसरे ४९,९९९ गेले. माणसाचा आवाज कानावर पडला तो ११:५८ ला. त्याच रात्री १९३० या सरकारी सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. रविवार गेला, सोमवारी सकाळी शाखेत अर्ज देऊन शिक्का घेतला.

आता ते परिपत्रक तुम्हाला वाचून दाखवायला नको, ते तुमच्याच वेबसाइटवर आहे. चूक बँकेचीही नसेल आणि ग्राहकाचीही नसेल, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं असेल, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. मी पाच मिनिटांत फोन लावला. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची. सुट्ट्या वगळून मी मोजलंय, तो दिवस २१ मार्च होता. नव्वद दिवसांत निकाल लावायचा. तो दिवस ६ जून. आणि चूक ग्राहकाची होती असं म्हणायचं असेल तर ते बँकेने सिद्ध करायचं. मी नव्हे, बँकेने. तुम्ही काय सिद्ध केलंत? १९ मे रोजी दोन ओळींची मेल पाठवलीत : ‘ओटीपी यशस्वीरीत्या डिलिव्हर झाला असल्याने व्यवहार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झाला आहे.’ कुठल्या नंबरवर डिलिव्हर झाला, कुठल्या फोनवर अ‍ॅप उघडलं होतं, लाभार्थी कुठल्या आयपी पत्त्यावरून जोडला, हे लेखी मागितलं. उत्तर आलं, ‘अंतर्गत माहिती.’

आता शनिवारचा, ७ जूनचा फोन. तो सविस्तर सांगणार आहे, कारण हे पत्र त्याच्यामुळेच लिहिलं जातंय.

फोन लावला, आधी अमिताभ बच्चन यांनी सायबर चोरांपासून सावध केलं, मग तुमचं संगीत सुरू झालं. ते ४१ मिनिटं ऐकलं. ऐकताना समोर बादली होती. खात्यातले ते पैसे गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी ठेवलेले, गवंडी एप्रिलमध्ये यायचा होता. यंदा पाऊस मे महिन्यातच आला, आणि माझ्या बैठकीच्या खोलीत छतातून दर सहा-सात सेकंदांनी एक थेंब पडतो. मोजायला वेळ होता.

मग एक मुलगा बोलला. “मॅडम, तुमची कम्प्लेंट क्लोज आहे. ओटीपी तुम्ही शेअर केला होता.”

“कुणाला?”

“ते सिस्टिमला दिसत नाही.”

“मग शेअर केला हे कशावरून?”

“डिलिव्हर झालाय ना, मॅडम. म्हणजे केलाच असणार.” आणि मग जरा मायेने, “आंटी, तुमच्या वयाच्या लोकांना कधी कधी आठवत नाही.”

एकतीस वर्षं अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवलंय. कुठल्या बाकावर कोण कॉपी करत होतं तेही आठवतं. पण गप्प राहिले. तो पुढे म्हणाला, “क्लोजर कन्फर्म करायला तुमच्या मोबाइलवर एक ओटीपी पाठवलाय, तेवढा सांगा.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. फोन कानाचा काढून पाहिला. ओटीपी खरंच आला होता. मार्चमध्ये न येणारा ओटीपी जूनमध्ये चार सेकंदांत! सहा आकडे, आणि खाली लिहिलेलं : ‘हा ओटीपी कोणालाही सांगू नका. बँकेचे कर्मचारी ओटीपी कधीही मागत नाहीत.’ आकडे सोडून बाकी सगळं मी त्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

“ते जनरल लिहिलेलं असतं, मॅडम. आम्हाला सांगितलेलं चालतं.”

“का? तुम्ही बँकेचे कर्मचारी नाही का?”

“नाही, मी व्हेंडरकडून बोलतोय.”

“मग तर मुळीच नाही सांगणार.”

“ठीक आहे. ‘कस्टमर नॉट को-ऑपरेटिंग’ टाकतो.”

आणि टाकलंही. म्हणजे ओटीपी दिला असेल या संशयावरून मी दोषी, आणि ओटीपी दिला नाही म्हणूनही दोषी. त्या मुलावर राग नाही. त्याच्यासमोरच्या पडद्यावर जे येतं तेच तो वाचतो. ते पडद्यावर कुणी लिहिलं, हे तुम्हाला विचारते आहे.

तुम्ही म्हणाल, चोरी आम्ही कुठे केली? नाही केलीत. पण आयुष्यभर शिकवलेला विषय इथे आठवतोच. केंब्रिजचे प्राध्यापक रॉस अँडरसन यांनी एटीएमच्या काळातली एक गोष्ट दाखवून दिली होती. अमेरिकेत वादातल्या व्यवहाराचा भुर्दंड बँकेवर पडायचा. ग्राहक खोटं बोलतोय असं वाटलं तर बँकेने सिद्ध करायचं. ब्रिटनमध्ये बँका म्हणायच्या, आमची यंत्रणा चुकूच शकत नाही, दोष ग्राहकाचाच. मग फसवणूक जास्त कुठे झाली? ब्रिटनमध्ये. कारण तिथल्या बँकांना ठाऊक होतं, तक्रार आली तरी खिसा आपला कापला जात नाही. कुलूप ज्याच्या हातात आहे त्याने चोरीची किंमत मोजायची नसेल तर तो कुलूप बदलेल कशाला? हे बारावीच्या पोरांना एका तासात कळायचं. त्याच ब्रिटनने ७ ऑक्टोबर २०२४ पासून, फसवून पाठवायला लावलेले पैसेसुद्धा ८५,००० पौंडांपर्यंत ग्राहकाला परत द्यायला लावलेत. अर्धे पाठवणाऱ्या संस्थेने, अर्धे स्वीकारणाऱ्या संस्थेने. माझे पैसे ज्या खात्यात गेले त्याची केवायसी कुणी केली, हे तुम्ही त्या बँकेला विचारलंत तरी का?

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना तिला सहा तासांत कळवायची असते. मला पहिला तक्रार क्रमांक मिळायला नऊ दिवस लागले.

आणि न्यायालयं काय म्हणतात तेही तुमच्या विधी विभागाला माहीत असेलच. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेच्या याच परिपत्रकाचा आधार घेऊन एका कंपनीचे ७६ लाख बँकेला परत द्यायला लावले. यंदा जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या सर्वांत मोठ्या सरकारी बँकेला ९४,२०४ रुपयांच्या प्रकरणात सुटू दिलं नाही. २०१३ साली पुण्यातली एक कंपनी तर फसव्या मेलला उत्तर देऊन बसली होती, तरी राज्याच्या आयटी सचिवांनी तिला बँकेकडून ४५ लाख मिळवून दिले. मी कुठल्याच मेलला उत्तर दिलेलं नाही.

पहिला पगार याच बँकेत जमा झाला. तेव्हा कॅशियर चष्म्यावरून बघून विचारायचे, “एवढी रक्कम आज का काढताय, बाई?” आता अकरा मिनिटांत तीनदा, तेही रात्री बाराच्या सुमाराला, आणि विचारायला कुणी नाही. दहा दिवसांत रक्कम जमा करायची होती हे मी वर लिहिलंय. पुन्हा लिहिते, कारण फोनवर चौदा वेळा सांगून कुणी टिपून घेतलेलं नाही. दहा दिवस. आज त्र्याण्णवावा.

पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत १,४९,९९७ रुपये, ८ मार्चच्या तारखेने, जमा करा. ‘नॉट को-ऑपरेटिंग’ हा शेरा काढल्याचं लेखी कळवा. ओटीपीचा आणि अ‍ॅपचा तपशील द्या. नाहीतर आठव्या दिवशी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे अर्ज जाईल. तिथे २०२१ च्या योजनेप्रमाणे वीस लाखांपर्यंत नुकसानभरपाई आणि मनस्तापाचे वेगळे एक लाखापर्यंत मागता येतात, आणि मी दोन्ही मागणार. आयटी कायद्याच्या ४६व्या कलमाचा, म्हणजे राज्याच्या आयटी सचिवांकडे दाद मागण्याचा अर्जही भरून ठेवलाय. शाखेतल्या साहेबांच्या ‘अजून आठच दिवस, मॅडम’वर विसंबून तो एप्रिलपासून टेबलाच्या खणात आहे. खण उघडायला ओटीपी लागत नाही.

खातेदार (तूर्त तरी)
(सही)

सोबत : १९३० च्या तक्रारीची पोच, शाखेचा शिक्का असलेला १० मार्चचा अर्ज, पैसे गेल्याच्या तीन एसएमएसचे फोटो, ‘नॉट सेंट’ झालेल्या उत्तराचा फोटो. ८ मार्चच्या ओटीपीचा फोटो जोडलेला नाही. तो आला नव्हता.