माँटेव्हिडिओला निघण्याआधीचा हिशेब

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

परदेशातल्या नोकऱ्यांविषयी लिहिताना दक्षिण अमेरिकेचा विषय निघाला, की 'युरोप-अमेरिकेपेक्षा स्वस्त' असा शेरा हमखास मारला जातो. उरुग्वेच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे. तिची राजधानी माँटेव्हिडिओ हे त्या खंडातल्या सर्वांत महाग शहरांपैकी एक. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस 2002 पासून तिथे आहे, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या संगणक अभियंत्यांपुढे या शहरात बदलीचा किंवा नोकरीचा प्रस्ताव येणे नवलाचे नाही. प्रस्ताव आला की घरात पेसोचे रुपये केले जातात, आकडा मोठा दिसतो आणि होकार कळवला जातो. त्या होकाराआधी काय तपासायला हवे, हे नेमके सांगण्यासाठी हे पत्र.

पहिली गोष्ट पगाराची. उरुग्वेत पगार 'नॉमिनल' सांगतात, म्हणजे कपातीपूर्वीचा. हातात येतो तो 'लिकिदो'. समजा नॉमिनल पगार 1 लाख पेसो आहे. डॉलरला साधारण 40 पेसो धरले तर हे अडीच हजार डॉलर होतात, म्हणजे दोन लाख रुपयांहून जास्त. यातून निवृत्तिवेतनाचे 15 टक्के जातात. आरोग्य निधीचे, ज्याला तिथे 'फोनासा' म्हणतात, एकट्या माणसाला साडेचार टक्के, मूल असेल तर 6 टक्के, आणि मुलाबरोबर न कमावणारा जोडीदारही असेल तर 8 टक्के जातात. शिवाय 0.1 टक्क्याची एक किरकोळ कपात. मग प्राप्तिकर. तो 'बेपेसे' नावाच्या एककावर मोजतात. 2025 साली एक बेपेसे 6,576 पेसोंचा होता. महिन्याला 7 बेपेसेंपर्यंत कर नाही, पुढे 10 बेपेसेंपर्यंत 10 टक्के, 15 पर्यंत 15 टक्के, 30 पर्यंत 24 टक्के, आणि असेच टप्प्याटप्प्याने वर. सगळे वजा जाता एक लाखातले 70 ते 74 हजार पेसो हातात पडतात. घरखर्च या रकमेवर बेतायचा. जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये मिळून एका पगाराइतका 'अगिनाल्दो' मिळतो हे खरे, पण तो वर्षातून दोनदाच येतो. महिन्याच्या भाड्यासाठी त्याच्यावर विसंबता येत नाही.

मुक्त व्यापार क्षेत्रातल्या नोकरीत आणखी एक फाटा फुटतो. तिथल्या परदेशी कर्मचाऱ्याला लेखी कळवून स्थानिक सामाजिक सुरक्षेतून बाहेर राहता येते. कपात वाचते आणि हातातली रक्कम फुगते, म्हणून हा पर्याय आकर्षक वाटतो. पण फोनासा नाही म्हणजे त्यातून मिळणारे कुटुंबाचे आरोग्यसंरक्षणही नाही. ते पदरच्या पैशाने किंवा कंपनीकडून वेगळे घ्यावे लागते. लहान मूल किंवा गरोदर पत्नी बरोबर असेल, तर आरोग्याचा खर्च कोण उचलणार हे लेखी मिळाल्याशिवाय या पर्यायावर सही करू नये.

दुसरी गोष्ट घराची, आणि बहुतेकांचे गणित इथेच कोसळते. जाहिरात वाचतानाच दोन खड्डे आहेत. तिथे '$' हे चिन्ह पेसोचे. डॉलर म्हणायचे असेल तर त्या चिन्हाच्या आधी यू आणि नंतर एस लिहितात. आणि हजार दाखवायला टिंब वापरतात, दशांशाला स्वल्पविराम. म्हणजे '28.000' हे अठ्ठावीस हजार. पोसितोस किंवा कोर्दोन भागात एका बेडरूमचे साधे घर 2025 मध्ये साधारण 25 ते 30 हजार पेसोंना मिळे. त्यावर 'गास्तोस कोमुनेस', म्हणजे आपल्याकडचा सोसायटीचा मेंटेनन्स. तो अनेक इमारतींत 4 ते 8 हजारांच्या घरात असतो आणि भाडेकरूच भरतो. जमिनीखालून गरम पाणी फिरवणारी मध्यवर्ती उष्णताव्यवस्था असलेल्या इमारतीत थंडीच्या महिन्यांत हा आकडा चांगलाच चढतो. घर बघायला उन्हाळ्यात गेलात, तर मागच्या जुलैची, म्हणजे तिथल्या थंडीतली, पावती मागून घ्या.

मुंबईत डिपॉझिट आणि दलाली भरायची सवय असलेल्यालाही तिथल्या 'गारान्तिया'चा धक्का बसतो. हमीशिवाय बहुतेक घरमालक दार उघडत नाहीत. हमी तीन तऱ्हेने देता येते. सरकारी लेखा कार्यालय किंवा आंदा ही संस्था हमी घेते, भाडे पगारातून कापले जाते आणि थोडे शुल्क पडते. विमा कंपनी हमी घेते, तिला हप्ता भरावा लागतो. तिसरा मार्ग म्हणजे गृहकर्ज बँकेत, बीएचयूमध्ये, रोख अनामत ठेवणे. ती बहुधा पाच महिन्यांच्या भाड्याइतकी असते. पहिल्या दोन मार्गांना ओळखपत्र आणि काही महिन्यांच्या पगारपावत्या लागतात. नुकत्याच उतरलेल्या माणसाकडे दोन्ही नसते. म्हणून उरतो तिसरा.

28 हजार भाड्याच्या घराचा पहिला भरणा असा होतो: एक महिन्याचे भाडे 28,000, दलाली एका भाड्याइतकी आणि तिच्यावर 22 टक्के मूल्यवर्धित कर, म्हणजे 34,160, अनामत 1,40,000, मेंटेनन्स 6,000 धरू. बेरीज 2,08,160 पेसो. डॉलरमध्ये सुमारे 5,200, रुपयांत साडेचार लाखांच्या आसपास. वर सांगितलेल्या पगाराचे हे जवळजवळ तीन लिकिदो पगार होतात, आणि हे पैसे पहिला पगार हाती येण्याच्या सुमारास द्यायचे असतात. अनामत बुडत नाही. ती निर्देशांकाला जोडलेल्या एककात ठेवली जात असल्याने तिचे मूल्यही टिकते. पण करार बहुधा दोन वर्षांचा, तेवढा काळ ती अडकते. हे पैसे नसले की माणूस डॉलरमध्ये भाडे घेणाऱ्या सुसज्ज तात्पुरत्या घरात महिनोन् महिने राहतो आणि शिल्लक तिथेच संपते. म्हणून कंपनीशी बोलताना विमानतिकिटाच्या दर्जावर वेळ घालवू नये. भाड्याची हमी कंपनी स्वतःच्या नावाने देईल का, हे विचारावे. हा एक होकार तिकिटापेक्षा कितीतरी मोलाचा आहे.

घर निवडताना दिशा पाहा. तिथे सूर्य उत्तरेकडून फिरतो, त्यामुळे हिवाळ्यात ऊन उत्तराभिमुख खिडकीला मिळते. दक्षिणेकडचे घर स्वस्त मिळते. जून ते ऑगस्टमध्ये भिंतींना ओल येते, कपाटातल्या कपड्यांना बुरशी लागते आणि वाचलेले भाडे हीटरच्या विजेत जाते. जुलैचे सरासरी तापमान 11 अंशांच्या आसपास, म्हणजे ऐकायला फारसे नाही. पण नदीमुखावरची दमट हवा आणि उष्णताव्यवस्था नसलेली घरे यांमुळे ती थंडी हाडात शिरते.

विजेचे बिल यूटीई या सरकारी वीज कंपनीकडून येते आणि त्यात वापराबरोबर मंजूर भाराचेही शुल्क असते. 3.7 किलोवॅटचा भार घेतला तर बिल कमी येते, पण दीड किलोवॅटचा पाण्याचा बंब, तेलाचा हीटर आणि विजेची किटली एकाच वेळी लावली की मुख्य स्विच पडतो. भार वाढवण्याआधी बंबाला टायमर लावून पाहावा. टाकीतले पाणी दिवसभर गरम ठेवण्यात बरीच वीज जाते. दुहेरी दराची योजना घेतली, तर संध्याकाळी 5 ते रात्री 11 यांमधले सलग चार तास महाग म्हणून निवडायचे असतात आणि बाकी वेळ स्वस्त दर लागतो. मराठी घरात रात्रीचा स्वयंपाक विजेच्या शेगडीवर याच वेळात होतो, म्हणून स्वयंपाकाला 13 किलोचा गॅस सिलिंडर ठेवणे परवडते. पाणी ओएसई या सरकारी पाणी कंपनीचे. 2023 च्या दुष्काळात पासो सेवेरिनो जलाशय आटला, माँटेव्हिडिओच्या नळाला खारे पाणी आले आणि जून महिन्यात जलआणीबाणी जाहीर झाली. त्या काळात बाटलीबंद पाणी हा घरखर्चातला मोठा आकडा झाला होता.

जेवणाचे तेवढे हाल नाहीत. देश भात पिकवतो, लांब दाण्याचा तांदूळ चांगला मिळतो. फाइना हा तिथला रोजचा पदार्थ चण्याच्या पिठाचा, त्यामुळे बेसन कुठल्याही दुकानात असते. छोले, मसूर मिळतात. तूरडाळ आणि कढीपत्ता धरून चालू नये. कणीक मात्र फसवते: 'चार शून्यां'चे पीठ म्हणजे मैदा, आणि 'इंतेग्राल' पिठात जाडसर कोंडा, पोळी तुटते. दोन्ही निम्मे-निम्मे मिसळून, पीठ अर्धा तास भिजवून ठेवले तर पोळी जमते. भाजी सुपरमार्केटऐवजी मोहल्ल्याच्या आठवडी बाजारात, 'फेरिया'त घ्यावी. आणि सामानात कच्ची बियाणी, ताजी पाने, तूप, मध भरू नये. कृषी खात्याच्या तपासणीत ते काढून घेतात.

आता कागदपत्रे. यात चूक झाली तर वरचे सगळे अडून बसते, कारण निवासाचा अर्ज नाही तर ओळखपत्र नाही, ओळखपत्र नाही तर पगाराचे बँक खाते आणि रोख अनामतीखेरीज भाड्याची हमी नाही. व्हिसा दिल्लीच्या दूतावासातून निघण्याआधी घ्यावा लागतो. निवासासाठी प्रत्येकाचा जन्मदाखला, विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि पोलीस दाखला लागतो. पोलीस दाखला गेल्या पाच वर्षांत जिथे जिथे राहिलात त्या प्रत्येक देशाचा हवा. मधे अमेरिकेत ऑनसाइट असलेल्यांनी हे आधी लक्षात घ्यावे. भारतातले दाखले आधी राज्य सरकारकडून तसदीक करून घ्यायचे, मग त्यांवर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे दाखला परदेशात ग्राह्य धरला जाण्यासाठीचा शिक्का, आणि स्पॅनिश भाषांतर उरुग्वेत गेल्यावर तिथल्या सरकारमान्य अनुवादकाकडूनच. भारतात करून नेलेले भाषांतर वाया जाते. तो अनुवादक इंग्रजीवरून करतो. मराठीवरून करणारा मिळेल या आशेवर राहू नये. म्हणून पालिकेकडून किंवा ग्रामपंचायतीकडून मराठी-इंग्रजी दाखलाच मागून घ्यावा. जुन्या दाखल्यांवर मुलाचे नावच नसते, नुसतेच 'मुलगा' किंवा 'मुलगी' आणि आई-वडिलांची नावे असतात. त्यावर नाव चढवायला लागणारा वेळ आधीच धरावा.

नावांचा घोळ खास आपला आहे. आपण स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे आणि आडनाव लिहितो. उरुग्वेत दोन आडनावे असतात, पहिले वडिलांचे, दुसरे आईचे, आणि लग्नानंतर बाई नाव बदलत नाही. तिथल्या कारकुनाला आपल्या पासपोर्टवरचे मधले नाव दुसरे पाळण्यातले नाव वाटते, आणि जन्मदाखल्यावर माहेरचे तर पासपोर्टवर सासरचे नाव दिसले की तो दोन वेगळ्या स्त्रिया समजतो. विवाह नोंदणी प्रमाणपत्रावर दोन्ही नावे असतील आणि त्याला अपोस्टिल असेल तर हा पूल जोडला जातो. नसेल तर भारतातूनच दुरुस्ती करून न्यावी लागते. भारतीय दूतावास माँटेव्हिडिओत नाही. तो नदीपलीकडे ब्युनोस आयर्सला आहे, आणि तिथे जायचे तर अर्जेंटिनाच्या प्रवेशाचे नियम वेगळे सांभाळावे लागतात. पासपोर्टची मुदत म्हणून निघण्याआधीच वाढवून घ्यावी.

मुलांचे शालेय वर्ष मार्च ते डिसेंबर. सरकारी शाळा विनामूल्य आणि स्पॅनिश माध्यमाच्या.

आपल्या वृत्तपत्राला विनंती एवढीच, की परदेशी नोकऱ्यांच्या माहितीत पगाराबरोबर हातात येणारी रक्कम आणि घराचा पहिला भरणा हे दोन आकडे छापावेत. महापालिकांनी जन्म आणि विवाहाचे दाखले मागितल्याच दिवशी द्विभाषिक द्यावेत. आणि कंपन्यांनी नेमणूकपत्रात नॉमिनलशेजारी लिकिदो लिहावा, कुटुंबाची संख्या धरून.

– एक वाचक, पुणे