वाइन टाउनमधलं घर आणि खिडकीबाहेरचा मळा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत जगातल्या वाइन टाउन्सवर, म्हणजे द्राक्षमळ्यांतल्या गावांवर, आलेलं पान आवडीने वाचलं. फोटो झकासच होते, पण वरच्या अर्ध्या पानात "इथे फिरायला जा" आणि खालच्या अर्ध्यात "इथेच घर घ्या" हे ज्या सहजतेने जोडलंय ना, ते काही पचलं नाही म्हणून लिहितेय. ही गावं ज्या कारणामुळे इतकी देखणी राहिलीयेत त्याच कारणामुळे तिथे बाहेरच्या माणसाला घर घेणं नाहीतर बांधणं अवघड असतं, आणि याबद्दल अख्ख्या पानावर एक ओळ नाही.

कॅलिफोर्नियातल्या नापाचंच घ्या. सॅन फ्रान्सिस्कोपासून गाडीने तासा-दीड तासावर, म्हणजे आत्तापर्यंत तिथे नुसते बंगलेच बंगले व्हायला हवे होते. झाले नाहीत, कारण 1968 साली तिथल्या काउंटीने, म्हणजे जिल्हा प्रशासनाने, शेतजमीन राखीव ठेवायचा नियम केला, आधी 20 एकरांच्या खाली तुकडा पाडायचा नाही, मग तो आकडा 40 वर नेला, 1990 मध्ये तर लोकांनी मतदान करून ठरवलं की शेतजमीन दुसऱ्या कामाला द्यायची असेल तर मतदारांना विचारा, आणि त्या नियमाची मुदत पुढे 2058 पर्यंत वाढवून घेतली. म्हणून ती दरी अजून हिरवी आहे आणि म्हणूनच जी थोडीफार घरं विक्रीला येतात त्यांचे भाव बघून डोळे पांढरे होतात. बरं, घेतलं समजा. "आपण नसू तेव्हा टूरिस्टना देऊ, हप्ता आपोआप निघेल" हा पानावरचा हिशेब, तर शहरांच्या हद्दीबाहेर 30 दिवसांपेक्षा कमी मुदतीने घर भाड्याने द्यायला काउंटीची मनाई आहे. आता काढा हप्ता!

दुसरा फोटो स्वित्झर्लंडमधल्या लावोचा, जिनिव्हा सरोवराच्या काठचा. पायऱ्यापायऱ्यांचे मळे, मध्ययुगात मठातल्या साधूंनी रचायला घेतलेले दगडी बांध, खाली निळं पाणी, समोर आल्प्स. मथळा काय तर "स्वप्नातलं सेकंड होम". मला हसूच आलं. कारण या उतारावर बांधकामं होऊ नयेत म्हणून फ्रान्झ वेबर नावाच्या पर्यावरणवाल्या माणसाने मोहीम चालवली, 1977 मध्ये तिथल्या व्हो राज्यातल्या लोकांनी मतदान करून लावोला संरक्षण दिलं, 2007 मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं, आणि याच वेबरच्या पुढाकाराने 2012 मध्ये सगळ्या स्वित्झर्लंडने मतदान केलं की ज्या गावात सेकंड होम्स 20 टक्क्यांच्या वर गेली तिथे नवीन सेकंड होमला परवानगी नाही. परदेशी माणसाला परवान्याची भानगड आणखी वेगळी. म्हणजे जगात सेकंड होमच्या विरोधात जिथून सगळ्यात मोठा आवाज उठला असेल तिथलाच फोटो सेकंड होम विकायला वापरलाय, कमाल आहे.

न्यूझीलंडचं मार्लबरो आणि ऑस्ट्रेलियाचं बरोसा यांचीही नावं होती. न्यूझीलंडने 2018 पासून परदेशी लोकांना तयार घरं घ्यायला, काही अपवाद सोडले तर, बंदी घातलीय. ऑस्ट्रेलियाने एप्रिल 2025 पासून दोन वर्षांसाठी तसंच केलंय, आणि बरोसाचं शेतीचं रूप बिघडू नये म्हणून तिथल्या राज्याने 2012 मध्येच खास कायदा केला. पोर्तुगालमध्ये घर घेतलं की गोल्डन व्हिसा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, हे 2023 मध्येच बंद झालं, स्पेनने एप्रिल 2025 मध्ये गुंडाळलं. पानावर मात्र "घरासोबत रेसिडेन्सीची संधी" असं ठळक टाइपात! जुन्या ब्रोशरमधून उचललं का काय कोण जाणे.

पण कायदे सोडा, ते वकील बघून घेईल. मला जास्त खटकली ती "व्ह्यू"ची भाषा. खिडकीतून दिसणारा मळा तुमच्या खरेदीखतात नसतो, तो शेजारच्या शेतकऱ्याचा असतो, आणि तो त्याने तुमच्या सकाळच्या कॉफीसाठी लावलेला नाही. वाइन विकली गेली तर वेली राहतील, नाही गेली तर उपटल्या जातील. हे मी उगाच घाबरवायला लिहीत नाहीये, फ्रान्समधल्या बोर्डोमध्ये झालंय ते. वाइनचा साठा पडून राहायला लागला तेव्हा 2023 मध्ये सरकारी मदतीने वेली उपटायची योजना आली, हेक्टरी 6000 युरो, लक्ष्य साधारण 9500 हेक्टरचं. तिथे एखाद्याने मळ्याकडे तोंड करून घर घेतलं असेल तर आता समोर काय असेल? पडीक जमीन, किंवा दुसरं पीक, किंवा झाडं. आणि ही एका जिल्ह्याची गोष्ट नाही, ओआयव्ही म्हणून जी आंतरराष्ट्रीय द्राक्ष-वाइन संघटना आहे तिच्या अंदाजाने 2024 मधला जगाचा वाइनचा खप 1961 नंतरचा सगळ्यात कमी होता. म्हणजे ज्या पिकाच्या जिवावर हा देखावा उभा आहे त्या पिकालाच गिऱ्हाईक कमी होतंय, आणि आपण म्हणतोय व्ह्यूची किंमत वाढतच जाणार!

आणि शेती म्हटलं की शेतीचे सगळे प्रकार आलेच. एप्रिलमध्ये कोंब फुटलेले असतात, आकाश निरभ्र, पहाटे पारा शून्याच्या खाली, आणि एका रात्रीत कोंब जळून वर्षाचं पीक जायची भीती. मग पहाटे तीनला उंच खांबांवरचे मोठे पंखे चालू करतात, वरची जरा उबदार हवा खाली ढकलायला, तो आवाज म्हणजे छपरावर हेलिकॉप्टर येऊन थांबल्यासारखा, आणि सूर्य वर येईपर्यंत बंद होत नाही. फ्रान्समध्ये शाब्लीकडे काही जण पंख्यांऐवजी वेलींच्या रांगांमध्ये शेकडो मेणाच्या बादल्या पेटवतात, फोटोत ते दिवाळीसारखं दिसतं, पण त्याचा धूर घराच्या आत येतो. 2021 च्या एप्रिलमध्ये फ्रान्समध्ये एवढं करूनही प्रचंड नुकसान झालं होतं. पुढे उन्हाळाभर फवारणी. वेलीवर भुरी आणि डाउनी हे बुरशीचे रोग येतातच, त्यामुळे ऑरगॅनिकवालासुद्धा गंधक आणि तांबं फवारतोच. फ्रान्समध्ये 2020 पासून घरांपासून ठराविक अंतर सोडून फवारायचा नियम आहे, द्राक्षांसाठी साधारण 10 मीटर. 10 मीटर म्हणजे किती, ते आपल्या गॅलरीतून बघा एकदा. शेतकऱ्याची यात काही चूक नाही हो, तो तिथे आपल्या आधीपासून आहे. पण शहरातून शांततेसाठी गेलेला माणूस आधी सूर्यास्ताचे फोटो टाकतो आणि मग पंख्याच्या आवाजाची तक्रार करायला नगरपालिकेत जातो, हे होतंच.

"घरासोबत स्वतःचा छोटा मळा" हे तर अजूनच गोड. वेल लावली की पहिलं धड पीक यायला तीनेक वर्षं, हेक्टरी पाच-सहा हजार वेली धरा, दर हिवाळ्यात प्रत्येक वेलीची छाटणी, तीसुद्धा कात्री घेऊन हाताने, थंडीत वाकून. नको असेल तर कसायला द्या, पण फ्रान्समध्ये शेतीचा भाडेकरार कमीत कमी नऊ वर्षांचा असतो आणि कसणाऱ्याला कायद्याचं भक्कम संरक्षण असतं (असायलाच हवं). शिवाय तिथे साफेर नावाची संस्था आहे, शेतजमीन विकायला निघाली की मध्ये पडून ती आधी स्वतः घेऊ शकते आणि मग शेतकऱ्याला देऊ शकते. आपण इसार देऊन बसलो आणि जमीन दुसऱ्याकडे, असंही होऊ शकतं.

कॅलिफोर्नियातल्या वणव्यांचा तर उल्लेखच नाही. 2017 मध्ये सँटा रोझामधल्या वस्त्याच्या वस्त्या जळाल्या, 2020 मध्ये नापा-सोनोमात पुन्हा आग, त्यानंतर काही मोठ्या विमा कंपन्यांनी त्या राज्यात नवीन घरविमा देणंच थांबवलं. विमा नाही तर बँक कर्ज देत नाही. घराच्या किमतीआधी विम्याचं कोटेशन मागवावं असा तो भाग आहे.

एवढं सगळं लिहिलं म्हणून मी या गावांच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये, उलट फिरायला यासारखी गंमत नाही. पोर्तुगालमध्ये पोर्तोहून डोरो नदीच्या काठाकाठाने जाणारी रेल्वे, खिडकीच्या खाली पाणी आणि वर डोंगरभर मळे, पिन्याओ स्टेशनवर उतरलं की भिंतीवर निळ्या फरशांवर द्राक्षकाढणीची चित्रं. दक्षिण आफ्रिकेत फ्रान्शहूकला वाइन ट्राम आहे, एका मळ्यावर उतरायचं, मनात येईल तेव्हा पुढची पकडायची. फ्रान्समधल्या अल्सासचा वाइन रूट 170 किलोमीटरचा आहे, सायकलवाल्यांनी तर जावंच. बोर्डोजवळच्या सेंट-एमिलियोंमध्ये अख्खं चर्च खडकात खोदलंय, आत गेलं की बाहेरचं ऊन विसरायला होतं. आम्ही अशा एका गावात सीझन संपल्यावर गेलो होतो. अर्धी शटर्स खाली, गल्लीत वाइन चाखायच्या चार टेस्टिंग रूम्स उघड्या पण साधं दूध घ्यायला दुकान नाही, ते दुसऱ्या गावात, गाडी काढून. मुक्काम संपणार होता म्हणून मजा वाटली. तिथल्या बाईंनी सांगितलं की त्यांच्या गल्लीत हिवाळ्यात रात्री दिवा लागणारं घर आता त्यांचंच, बाकी सगळी बाहेरच्यांची, आणि पोरंही कमी होत चालली म्हणून शाळेचं काय होईल याचीच गावात चर्चा.

आता विनंती एवढीच. ज्यांना खरंच घर घ्यायचंय त्यांच्यासाठी पुढच्या वेळी तिथले जमिनीचे नियम, विमा, भाड्याने देण्यावरची बंधनं हे छापा, आणि सप्टेंबरऐवजी फेब्रुवारीत तिथे महिनाभर भाड्याने राहून बघा हेही सांगा, तेव्हा वेली म्हणजे नुसती काळी खुंटं आणि तारा असतात. आणि खालच्या अर्ध्या पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात जो बुकिंगचा क्यूआर कोड होता तो कुणाचा? लेख असेल तर तो कोड तिथे नको, आणि जाहिरात असेल तर वर ठळक "जाहिरात" असं लिहा.

आपली,
एक नियमित वाचक