मिझोरामकडे पाहा

महोदय,

२०११च्या जनगणनेनुसार मिझोरामची लोकसंख्या ११ लाखांच्या आत, म्हणजे साधारण आपल्या गडचिरोली जिल्ह्याएवढी. तरीही या राज्याने २०१४मध्ये रेल्वेच्या संघाला हरवून फुटबॉलमधला राज्याराज्यांचा संतोष करंडक जिंकला आणि २०१७मध्ये तिथल्याच ऐझॉल एफसी या क्लबने थेट आय-लीगच, म्हणजे तेव्हाची देशातली अव्वल क्लब लीग. आदल्याच मोसमात हा संघ लीगमधून बाहेर पडला होता, मग त्याला परत घेण्यात आले! गंमत म्हणजे त्यांचे प्रशिक्षक खालिद जमील आधी मुंबई एफसीत होते, आणि ऐझॉल जिंकले त्याच मोसमात मुंबई शेवटची आली.

हा चमत्कार नव्हे. तिथे २०१२पासून मिझोराम प्रीमियर लीग चालते. स्थानिक केबल वाहिनी सामने दाखवते, त्यामुळे गल्लीतल्या पोरांना आपलेच खेळाडू घरोघरी दिसतात. डोंगरात सपाट जागा मिळणे मुश्कील, पण कृत्रिम गवताची मैदाने केली गेली.

आमच्या कोल्हापुरात पेठांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम ओसंडून वाहते. वेड आपल्याकडेही कमी नाही. मग सामने टीव्हीवर दाखवणारी, मोसमभर चालणारी राज्याची लीग का नाही? राज्याच्या फुटबॉल संघटनेने निदान यावर बोलावे तरी.

— एक फुटबॉलप्रेमी, कोल्हापूर