गुरुवारची संध्याकाळ मोकळी ठेव

लंडन,
रविवार

प्रिय सुहास,

तुझा व्हिसा आल्याचं कळलं आणि मी लगेच तिकिटं काढून टाकली. आधी विचारलं असतं तर तू महिनाभर 'बघू रे' करत बसला असतास. तर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला, रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये आपला लाडका गिटारवाला बँड, जिप्सी किंग्ज! हॉस्टेलवर तुझ्या टेपवर त्यांचं 'बाम्बोलेओ' लागलं की अख्खा मजला दारं बडवायचा, आठवतंय ना?

तिकीट काढताना एक गोष्ट मात्र पारखून घेतली. हल्ली जिप्सी किंग्ज या नावाने एकाहून जास्त संच फिरतात. रेयेस आणि बालियार्दो ही मूळची दोन सोयरी घराणी. पुढे भाऊबंदकी झाली, कुठे होत नाही? आपल्या तिकिटावर निकोलास रेयेसचं नाव आहे. तो घोगरा, फाटता फाटता सूर धरणारा आवाज त्याचाच.

तू त्यांना स्पॅनिश समजत असशील, तर ते फ्रान्सचे. आर्ल आणि माँपेलिए इथले. स्पेनमधल्या यादवी युद्धात, १९३०च्या दशकात, या मंडळींचे वाडवडील सीमा ओलांडून आले. फ्लामेंको, म्हणजे स्पेनमधलं ते पारंपरिक गाणं-वाजवणं-नाचणं, त्यातले कट्टर लोक यांच्याकडे नाक मुरडतात, कारण हे वाजवतात ती बहुतेक रुंबा, चार मात्रांची, नाचायला सोपी. फ्लामेंकोतल्या बुलेरिया या प्रकाराचा बारा मात्रांचा घोळ तिथे नाही. तुझ्यासारख्या तबलजीचा हात मांडीवर आपोआप कहरवा धरेल बघ. मला विचारशील तर नाक मुरडणाऱ्यांनी एकदा प्रेक्षकांत उभं राहून बघावं.

मी त्यांना मागे एकदा ऐकलंय. रेकॉर्डवर जो एकसंध गडगडाट वाटतो, तो समोर बघताना सुटा सुटा दिसतो. गिटारवाले ओळीने बसलेले, सगळ्यांचे उजवे हात एकाच वेळी खाली येतात. बोटं मुठीतून एकेक करून सुटतात, आणि मध्येच तळहात तारांवर आपटून आवाज तोडतात. त्या तुटण्यातच खरा ठेका आहे. 'वोलारे' सुरू झालं तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतल्या, सत्तरीच्या तरी असतील अशा बाईंनी पर्स नवऱ्याच्या मांडीवर ठेवली आणि उठल्या. मग बसलेलं कुणी राहिलंच नाही. मूळ गाणं इटालियन, १९५८चं, पण यांनी ते असं काही ढवळलंय की आता यांचंच वाटतं.

म्हणून जागा खाली, स्टेजसमोरच्या अरीनात घेतल्यात. वरच्या सर्कलमधून, म्हणजे बाल्कनीतून, तो गोल हॉल, १८७१चा, फार देखणा दिसतो. पण तिथले जिने आणि कठडे बघता नाचायची सोय नाही. हॉल मध्यंतरात फिरून बघू.

साडेपाचला साउथ केन्सिंग्टन स्टेशनवर भेट. त्या भागात फ्रेंच शाळा आहे, आजूबाजूला बेकऱ्या आणि क्रेप मिळणारी दुकानं. तिथेच काहीतरी खाऊन घेऊ. पोटभर नको, नाहीतर तू पहिल्या गाण्याला घोरशील. मग एक्झिबिशन रोडने सरळ वर चालत गेलं की हॉल. वेळ उरला तर समोर केन्सिंग्टन गार्डन्स आहेच. मोठी सॅक आणू नकोस, तपासणीत अडकू. बूट आरामाचे घाल.

आणि हो, रोमा, म्हणजे जिप्सी लोकांच्या भाषेची मुळं हिंदुस्थानात आहेत हे तू वाचलंयस, मलाही ठाऊक आहे. म्हणून शेजारच्या खुर्चीवरच्या गोऱ्याला 'ही आमचीच माणसं' असं व्याख्यान मध्यंतरात देऊ नकोस, बाबा. फार तर मला दे, बिअर तुझ्याकडून असेल तर.

परतायला ट्यूब, म्हणजे इथली भुयारी रेल्वे, उशिरापर्यंत असते, पण गर्दी ओसरेपर्यंत आपण बागेच्या कडेने चालत जाऊ. शुक्रवारी सकाळी कुणाला भेटायचं कबूल केलं असशील तर आत्ताच दुपारवर ढकल. वहिनींना नमस्कार, काकूंनाही.

तुझा,
मन्या