काच वापरा, पण दळून

फुटक्या बाटल्यांची काच वाळूऐवजी काँक्रीटमध्ये घातली की पर्यावरण वाचले, असा सरधोपट प्रचार हल्ली दिसतो. त्यात मेख आहे. जाड तुकड्यांतील सिलिकाची (काचेच्या मुख्य घटकाची) सिमेंटमधील अल्कलीशी अभिक्रिया होते, तयार झालेला जेलीसारखा पदार्थ ओल शोषून फुगतो आणि काही वर्षांनी जाळीदार तडे उमटतात. तीच काच ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक, पिठासारखी दळली, तर मात्र १० ते २० टक्के सिमेंटची जागा घेऊ शकते. (जगाच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७-८ टक्के आहे!) सुरुवातीची मजबुती जरा सावकाश येते, एवढेच. 'एएसटीएम' या मानके ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेने २०२० मध्ये या भुकटीसाठी मानकही काढले. तेव्हा निविदांमध्ये नुसते 'पुनर्वापरित काच' न लिहिता तिची बारीकीही नमूद करावी.

– एक स्थापत्य अभियंता