नाना, वायफाय दिसत नसेल तर

धुळे,
आखाजीचा दुसरा दिवस

प्रिय नाना,
सप्रेम नमस्कार.

काल तुझा फोन आला तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. लेकी माहेरी आलेल्या, अंगणात झोक्यावर गाणी चाललेली. त्या गलक्यात तुझं ‘लिनक्स टाकलं, पण वायफायच दिसत नाही भो’ एवढंच धड ऐकू आलं. फोनवर तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा सगळं लिहूनच पाठवतो. अभ्यासिकेतल्या पोरांनाही वाचायला दे.

आधी एक सांगू दे. तू जे काम हाती घेतलंयस ते मला फार मोलाचं वाटतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि ज्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही ती लोकांनी भंगारात काढायला घेतली. त्यातली धडधाकट मशीन निवडून तू गावात आणलीस, त्यांवर मिंट टाकलंस, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सचा एक प्रकार. पोलीस भरतीचा फॉर्म भरायला किंवा तलाठ्याच्या परीक्षेचे जुने पेपर बघायला पोरांना यावल-भुसावळच्या चकरा पडू नयेत, एवढ्यासाठी. हे काम वायफायपाशी अडून राहता कामा नये.

‘मिंट काढून उबंटू टाकू का, नाहीतर फेडोरा बघू’ असं तू विचारलंस. नको. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेला तो एकच कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, लिनक्सच्या या सगळ्या प्रकारांच्या पोटात आहे आणि वायफायचे बहुतेक ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे प्रोग्राम, त्या कर्नलमध्येच असतात. वरचं रूप बदलून खालचं वायफायचं कार्ड जागं होत नाही. फरक पडलाच तर कर्नल नवा असल्याने किंवा फर्मवेअरचं, म्हणजे चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामचं, पॅकेज सोबत आल्याने पडतो, आणि या दोन्ही गोष्टी मिंटमध्येच करता येतात. मळ्यातली मोटार पाणी टाकेना तर तू लगेच नवी मोटार आणत नाहीस. आधी लाइट आहे का बघतोस, मग फ्यूज, स्टार्टर आणि शेवटी विहिरीत उतरून फूटव्हॉल्व्ह. इथेही कुठल्या टप्प्यावर अडलंय ते शोधायचं. लिनक्स हे लपवत नाही, विचारलं की सांगतं. म्हणूनच मला ते आवडतं.

पण दुरुस्तीची पॅकेजं उतरवायलाच इंटरनेट लागतं, म्हणून पहिली सोय ती कर. तुझा अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या वायरने लॅपटॉपला जोड आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू कर. लॅपटॉपला तो फोन वायरवाल्या नेटवर्क कार्डासारखा दिसतो, त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फोन घरच्या वायफायवर असेल तर बहुतेक फोन तेच नेट वायरमधून पुढे देतात, म्हणजे मोबाईलचा डेटाही जळत नाही. वायर मात्र डेटावाली हवी. नुसत्या चार्जिंगच्या वायरी बाजारात खूप असतात आणि त्यांवर टेदरिंगचा पर्याय करडाच राहतो.

आता कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकदम दाबून टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघड. इंग्रजी लहान अक्षरांत ‘एलएसपीसीआय -एनएनके’ असं लिही आणि जे उमटेल त्यात नेटवर्क कंट्रोलरची ओळ शोध. तिच्या शेवटी चौकटी कंसात चार-चार अक्षरांचे दोन आकडे असतात. पहिला आकडा चिप कुणाची ते सांगतो: ८०८६ असेल तर इंटेल, १४ई४ असेल तर ब्रॉडकॉम, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १६८सी म्हणजे अ‍ॅथेरॉस. लॅपटॉपवर बाहेरून कुठलंही नाव असो, आपल्याला या आकड्याशी मतलब. त्याच्या खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असेल तर ड्रायव्हर लागलेला आहे. ओळच नसेल तर काम ड्रायव्हरचं आहे.

ड्रायव्हर लागूनही वायफाय येत नाही, हे मी परवाच पाहिलं. पुतणी नाशिकहून आली ती लॅपटॉप घेऊनच. कुणीतरी जुन्या डिस्कवरून तिला लिनक्स टाकून दिलेलं. कार्ड दिसत होतं, ड्रायव्हरचं नाव दिसत होतं, पण खालच्या पट्टीत एकही नेटवर्क नाही. अशा वेळी ‘सुडो डीमेसेज’ (sudo dmesg) लिहून कर्नलची वही उघडायची. तीत फर्मवेअर उचलता आलं नाही, एरर -२, अशी ओळ होती. कर्नलच्या हिशेबात -२ म्हणजे ‘अशी फाइलच नाही’. चिपमध्ये स्वतःचा एक छोटा प्रोसेसर असतो. चालू होताना त्याला त्याचा प्रोग्राम लागतो, तो ड्रायव्हरने डिस्कवरून उचलून चिपमध्ये भरायचा असतो, आणि डिस्कवर तो नव्हताच. फोनच्या वायरीवरून फर्मवेअरचं पॅकेज घेतलं, मशीन पुन्हा चालू केलं, आणि आळीतल्या सगळ्यांच्या राउटरची नावं ओळीने उभी राहिली. मिंटमध्ये या पॅकेजला ‘लिनक्स-फर्मवेअर’ म्हणतात आणि ते आधीपासून असतं, पण चिप नवी आणि मिंट जुनं असेल तर अपडेट करून घे.

ही फाइल आधीपासून का नसते, असं पोरं विचारतील. फर्मवेअर हा बहुतेकदा कंपनीचा बंद माल असतो, त्याचा सोर्स मिळत नाही. डेबियन हा लिनक्सचाच आणखी एक प्रकार, तो बनवणारे अनेक वर्षं तत्त्व म्हणून ते अधिकृत डिस्कवर ठेवतच नसत. २०२२ मध्ये त्यांनी आपसांत मतदान घेतलं आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते डिस्कवर येऊ लागलं. मला तो निर्णय पटतो. तत्त्व मोठंच आहे, पण ज्याच्याकडे दुसरं मशीन नाही अशा पोराला पहिल्याच दिवशी इंटरनेटशिवाय ठेवून ते रुजत नाही.

आकडा १४ई४ निघाला तर थोडं जास्त काम आहे. ब्रॉडकॉमने आपल्या चिपांची माहिती फार काळ बाहेर येऊ दिली नाही. लोकांनी कंपनीचाच बंद ड्रायव्हर आतून तपासून, चिप कशी बोलते ते हुडकून ‘बी४३’ नावाचा ड्रायव्हर लिहिला. त्याला लागणारं फर्मवेअर अजूनही कंपनीच्याच ड्रायव्हरमधून कापून काढावं लागतं. सप्टेंबर २०१० मध्ये कंपनीने स्वतःहून एक खुला ड्रायव्हर दिला, पण त्यात सगळ्या चिपा बसत नाहीत. उरलेल्यांसाठी कंपनीचा ‘डब्ल्यूएल’ नावाचा बंद ड्रायव्हर आहे. मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमध्ये तो एका टिचकीवर मिळतो, फक्त टेदरिंग चालू ठेव. माहिती दडवणाऱ्या कंपन्यांचा मला खरोखर राग येतो, नाना. ज्यांना त्या चिपेतून एक पैसा मिळायचा नव्हता अशा माणसांनी फुकटात रात्री घालवल्या, तेव्हा कुठे ही जुनी मशीन आज तुझ्या पोरांच्या हातात चालताहेत.

असा बाहेरून घेतलेला ड्रायव्हर टाकताना सिक्युअर बूट (खात्रीचेच प्रोग्राम आत घेणारी मशीनची राखण) चालू असेल तर मशीन तुला एक पासवर्ड ठरवायला लावतं. तो कागदावर लिहून ठेव. पुढच्या वेळी सुरू होताना निळा पडदा येईल, त्यात ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. तो पडदा थोडाच वेळ थांबतो. घाईत ‘कंटिन्यू’ दाबलं तर ड्रायव्हर डिस्कवर असूनही कर्नल त्याला आत घेत नाही, ‘की वॉज रिजेक्टेड’ म्हणतो. या एका पडद्यापाशी फार जणांची फजिती होते. पोरांना आधीच दाखवून ठेव.

कार्ड, ड्रायव्हर, फर्मवेअर सगळं जागेवर आणि तरी बंद, तर ‘आरएफकिल लिस्ट’ लिही. सॉफ्ट ब्लॉकपुढे ‘येस’ असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक ऑल’ने सुटतं. हार्ड ब्लॉक असेल तर ते कीबोर्डवरच्या विमानाच्या चित्राच्या बटणावर किंवा जुन्या मशीनच्या कडेला असलेल्या सरकत्या खटक्यावर असतं. ज्या लॅपटॉपवर तू विंडोजही ठेवलंयस त्यात फास्ट स्टार्टअप बंद कर. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्समध्ये आल्यावर कार्ड कधी कधी उठतच नाही.

आता रेंज. तू म्हणालास की राउटर तुझ्या घरी आणि अभ्यासिका केळीच्या पट्ट्यापलीकडे, जुन्या धाब्याच्या घरात. इथे दोष लिनक्सला देऊ नको. मातीच्या दीड हाती भिंती लहरी गिळतात आणि पाण्याने भरलेली केळीची पानंही. आज जोडलं जाईल, बाग निसवणीला येईपर्यंत पानं पसरली की तुटायला लागेल. राउटरपासून लॅनची वायर ओढून घे आणि अभ्यासिकेत दुसरा छोटा राउटर बसव. वायर सलग १०० मीटरपर्यंत चालते. तिथल्या राउटरचा पट्टा २.४ गिगाहर्ट्झ ठेव, जुन्या बऱ्याच कार्डांना ५ चा पट्टा दिसतच नाही. चॅनेल १, ६ किंवा ११ मधलं एक निवड आणि सुरक्षा नुसती डब्ल्यूपीए२ ठेव. डब्ल्यूपीए३ लावलं की काही जुनी कार्डं पासवर्ड बरोबर असूनही पुन्हा पुन्हा विचारत बसतात.

एखाद्या मशीनला मात्र राउटरशेजारी बसूनही एकच कांडी दिसेल. चिप रिअलटेकची ८७२३बीई असेल तर घाबरू नको. या चिपेला दोन अँटेना जोडायची सोय असते, पण काही स्वस्त लॅपटॉपांत एकच वायर लावलेली असते आणि ड्रायव्हर नेमका रिकाम्या खुंटीवर ऐकत बसतो. ‘मोडप्रोब डॉट डी’ या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल करून त्यात त्या ड्रायव्हरला ‘अँट सिलेक्ट’चा पर्याय २ द्यायचा, नाही जमलं तर १. ती ओळ मी तुला मेसेजमध्ये जशीच्या तशी पाठवतो, पोरांनी फक्त चिकटवायची.

जोडलं जातं पण दर थोड्या वेळाने तुटतं, असं झालं तर वीजबचत बंद कर. नेटवर्क मॅनेजरच्या ‘कॉन्फ डॉट डी’ फोल्डरमध्ये वायफाय-पॉवरसेव्ह नावाची फाइल असते, तिच्यातला ३ काढून २ लिहायचा आणि नेटवर्क मॅनेजर पुन्हा सुरू करायचा. जोडलेलं आहे, पण साइट उघडत नाही, तर ‘पिंग ८.८.८.८’ करून बघ. उत्तर आलं म्हणजे वायफाय आणि नेट ठीक आहे, नाव शोधणारा डीएनएस बिघडलाय. तो राउटरमध्ये किंवा जोडणीच्या सेटिंगमध्ये बदलता येतो. आणि जुन्या मशीनचं घड्याळ नक्की बघ. आतला बटणाएवढा सेल संपला की तारीख कितीतरी वर्षं मागे जाते आणि मग ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणतो. सेल सीआर२०३२ नावाचा असतो, घड्याळाच्या कुठल्याही दुकानात मिळतो.

आता तू एवढं कर. प्रत्येक लॅपटॉपला खडूने नंबर टाक, त्या एलएसपीसीआयच्या ओळींचा फोटो काढ आणि नंबरासकट मला पाठव. मी एकेकाचं काय करायचं ते लिहून देतो. नंतरचं काम मात्र पोरांनाच करू दे, तू हात लावू नको. काकूंना नमस्कार सांग. पायाचं दुखणं कसं आहे ते फोटोंबरोबर लिही.

तुझा,
बापू

ता. क. सगळं करूनही एखादं कार्ड नाहीच चाललं तर यूएसबीचं छोटं वायफाय घे, पण डबीवरच्या ‘लिनक्स सपोर्ट’ या शब्दांवर जाऊ नको, आतली चिप विचार. अ‍ॅथेरॉस एआर९२७१ किंवा मीडियाटेक एमटी७६०१यू असेल तर लावलं की चालतं, दोन्ही २.४ वरच. काही यूएसबी वायफाय आधी सीडी असल्यासारखे उघडतात, कारण त्यात विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो. ती सीडी इजेक्ट केली की खरं कार्ड बाहेर येतं.